अडून बसलेली मिरची

पेरूची राजधानी लिमा येथे घराघरांत आणि बाजारातल्या बाकड्यांच्या खाणावळींत सारख्याच सहजतेने रांधला जाणारा ‘आही दे गायीना’ हा पदार्थ पहिल्यांदा पाहणाऱ्या मराठी माणसाला पिठल्याची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही, इतका तो रंगाने पिवळा, पोताने मऊ आणि दिसायला गरीब असतो. ताटलीच्या तळाशी उकडलेल्या बटाट्याच्या जाड चकत्या, त्यांवर पळीने ओतलेला दाट पिवळा रस्सा, त्या रश्शात सुताच्या लडीसारखी विरलेली कोंबडी, शेजारी पांढऱ्या भाताची मूद, वर अर्धे उकडलेले अंडे आणि एक काळपट जांभळे ऑलिव्ह, अशी त्याची मांडणी ठरून गेलेली आहे. नावाचा अर्थही तितकाच सरळ आहे. ‘आही’ म्हणजे मिरची आणि ‘गायीना’ म्हणजे कोंबडी. लिमाच्या स्पॅनिशमध्ये दोन ‘ल’ एकापुढे एक आले की त्यांचा उच्चार ‘य’ होतो, त्यामुळे मराठी कानाला काहीही वाटले तरी या पदार्थाचा गाईशी संबंध फक्त दुधापुरता आहे.

परदेशी पदार्थ घरी करून पाहणाऱ्याची पहिली धाव बहुधा यादीकडे असते. काय मिळते, काय मिळत नाही आणि जे मिळत नाही त्याऐवजी काय घालावे, एवढ्यावर गाडी अडते. या पदार्थाच्या बाबतीत ती यादी फसवी आहे, कारण तिच्यातील कोंबडी, पाव, दूध, कांदा, लसूण, अक्रोड, चीज, भात आणि ऑलिव्ह हे सगळे पेरूतही बाहेरूनच आलेले आहे आणि तेथील स्वयंपाकिणींनी ते गरजेप्रमाणे बदलत आणलेले आहे. मूळ पेरूचे म्हणावेत असे दोनच घटक त्यात आहेत, मिरची आणि बटाटा. पैकी बटाट्याशी तडजोड होऊ शकते, मिरचीशी होत नाही. घरी हा पदार्थ करताना कोठे हात सैल सोडावा आणि कोठे आवळावा हे या एका गोष्टीवरून ठरते.

कोंबडा कोणाचे नाव घेतो

स्पॅनिश लोक येण्यापूर्वी अँडीज पर्वतातील घरांत पाळले जाणारे खाण्याचे प्राणी म्हणजे लामा आणि अल्पाका, गिनीपिग आणि मस्कोव्ही जातीचे बदक. आज पेरूच्या ताटात ठाण मांडून बसलेली कोंबडी त्या काळी इंकांच्या अंगणात नव्हती. 16 नोव्हेंबर 1532 रोजी काहामार्का येथे इंका सम्राट आताउआल्पा स्पॅनिशांच्या हाती सापडला, पुढच्या वर्षी त्याला मारण्यात आले, आणि याच सुमारास नव्या राज्यकर्त्यांबरोबर आलेला कोंबडा तेथील वस्त्यांत आरवू लागला. इंका राजघराण्यातील आई आणि स्पॅनिश सरदार बाप यांच्या पोटी 1539 मध्ये कुस्को येथे जन्मलेला इतिहासकार गार्सिलासो दे ला वेगा याने आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे, की स्थानिक लोकांना त्या नव्या पक्ष्याच्या बांगेत ‘आताउआल्पा’ असे शब्द ऐकू येत आणि कुस्कोची मुले रस्त्यांतून त्याच चालीवर ते नाव गात असत. अँडीजमधील केचुआ भाषेत कोंबडीला आजही ‘वाल्पा’ म्हणतात. एका पराभूत राजाचे नाव एका पाळीव पक्ष्याशी इतके जोडले जावे, यात स्मरण किती आणि कुचेष्टा किती, हे गार्सिलासोच्या लेखनातही पूर्णपणे वेगळे काढता येत नाही.

पदार्थाच्या नावात ‘पोयो’ हा शब्द न येता ‘गायीना’ येतो, ही बारीक वाटणारी गोष्ट रांधण्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. स्पॅनिशमध्ये ‘पोयो’ म्हणजे खाण्यासाठी वाढवलेली कोवळी कोंबडी, तर ‘गायीना’ म्हणजे अंडी घालून घालून जून झालेली मादी. अंडी देणारी कोंबडी देत असेपर्यंत कोणी कापत नाही, आणि देणे थांबल्यावर तिचे मांस इतके चिवट झालेले असते की ते भाजून किंवा परतून खाण्याजोगे राहत नाही. तिला दीड-दोन तास मंद आचेवर पाण्यात शिजवावे लागते. या वेळात सांध्यांतील आणि कातडीतील चिकट तंतू विरघळून पाण्याला अंग येते, चरबीचे पिवळे थेंब वर तरंगतात, आणि मांस शिजूनही आपली रेषा सोडत नाही. हा पदार्थ त्या रेषेवर आणि त्या पाण्यावर उभा आहे.

गोड आईची तिखट लेक

कोंबडीचे मांस पिंजून ते दाट, पांढऱ्या रसात मिसळण्याची पद्धत पेरूहून पुष्कळ जुनी आहे. मध्ययुगीन युरोपच्या श्रीमंत घरांत ‘पांढरे भोजन’ अशा अर्थाच्या नावाचा एक पदार्थ मानाचा समजला जाई. स्पॅनिशमध्ये त्याला ‘मांहार ब्लांको’ म्हणत. कोंबडीच्या छातीचे मांस धाग्याधाग्याने सुटे करून ते तांदळाचे पीठ, बदामाचे किंवा शेळीचे दूध, साखर आणि गुलाबपाणी यांत घोटत घोटत खिरीसारखे करायचे, ही त्याची रीत. 1324 सालच्या ‘लिब्रे दे सेंत सोवी’ या कातालान भाषेतील पाकग्रंथात आणि 1520 मध्ये बार्सिलोनात छापल्या गेलेल्या रुपेर्तो दे नोला याच्या ग्रंथात या कुळातील कृती आढळतात. कोंबडीची खीर ही कल्पना आज विचित्र वाटते, परंतु तुर्कस्तानातील मिठाईच्या दुकानांत कोंबडीच्या छातीच्या मांसाचा ‘तावूक ग्योस्यू’ हा दुधातला गोड पदार्थ अजूनही मिळतो आणि खाणाऱ्याला सांगितल्याशिवाय त्यात मांस आहे हे कळत नाही.

‘आही दे गायीना’ ही याच कुळातील शाखा असल्याचे खाद्येतिहासकार मानतात. लिमाची स्थापना 1535 मध्ये झाली आणि तेथे स्पॅनिश व्हाइसरॉयचा दरबार, मठ आणि सरदारांचे वाडे उभे राहिले. त्या वाड्यांच्या मुदपाकखान्यांत प्रत्यक्ष चुलीपाशी उभ्या राहणाऱ्या स्त्रिया मात्र मोठ्या संख्येने आफ्रिकेतून आणलेल्या गुलाम किंवा त्यांच्या वंशातील होत्या. 1614 च्या गणनेत लिमाची लोकसंख्या सुमारे 25 हजार होती आणि त्यांतील 10 हजारांहून अधिक लोक आफ्रिकी वंशाचे होते, एवढ्यावरून त्या शहराचे अन्न कोणाच्या हातून शिजत होते याचा अंदाज येतो. पेरूत गुलामगिरी कायद्याने संपली ती 1854 मध्ये. तोवरच्या तीन शतकांत मालकाच्या देशातील पाककृती, स्थानिक मिरची आणि चुलीपाशी उभ्या असलेल्या स्त्रीची जीभ यांच्या ओढाताणीतून जे शिजत गेले त्यालाच आज लिमाचा ‘क्रियोयो’ स्वयंपाक म्हणतात. साखर आणि गुलाबपाणी गेले, मिरची आली. ‘मांहार ब्लांको’ हे नाव मात्र पेरूत वाया गेले नाही. दूध आणि साखर तासन्‌तास आटवून केलेल्या बासुंदीहून घट्ट, तपकिरी गोडाला तेथे आज तेच नाव आहे, आणि त्यात कोंबडीचा मागमूस नाही.

रस्सा दाट करण्यासाठी भिजवलेला पाव आणि कुटलेली कवचफळे वापरणे हेही त्याच जुन्या स्वयंपाकाचे उरलेले चिन्ह आहे. स्पेनमध्ये बदाम, केशर आणि उकडलेल्या अंड्याचा बलक कुटून केलेल्या रश्शात कोंबडी शिजवण्याची ‘पेपितोरिया’ नावाची पद्धत आहे. पेरूच्या रश्शातील अक्रोड आणि ताटलीतील उकडलेले अंडे या नात्याची आठवण करून देतात. पुढे फ्रेंच बल्लवांनी लोण्यावर मैदा परतून रस दाट करण्याची रीत रूढ केली आणि युरोपातील बड्या स्वयंपाकघरांतून पाव मागे पडला. लिमाने तो सोडला नाही. घरी करताना पावाऐवजी कॉर्नफ्लॉवर किंवा मैदा लावण्याचा मोह ज्यांना होईल, त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की त्याने रस्सा दाट होतो, पण तकाकी येऊन चिकट होतो. पावाने येणारी किंचित रवाळ, जिभेवर रेंगाळणारी मऊ दाटी त्याला येत नाही.

सुर्कियोचा बाजार

लिमाच्या मिराफ्लोरेस या सुखवस्तू भागाला लागून असलेल्या सुर्कियो या वस्तीतील ‘बाजार क्रमांक 1’ हा शहरातील स्वयंपाकी, गृहिणी आणि हौशी प्रवासी यांचा आवडता बाजार आहे. तेथे कोंबडीच्या गाळ्यांवर ‘पोयो’ आणि ‘गायीना’ वेगवेगळ्या मांडलेल्या असतात. पहिली फिकट आणि भरीव, दुसरी पिवळ्या कातडीची, रोडावलेली, पोटात चरबी धरलेली. रोजच्या घाईच्या स्वयंपाकात हल्ली बहुतेक घरे कोवळ्या कोंबडीची छातीच वापरतात, आणि पदार्थाचे नाव मात्र जुने ठेवतात. चोखंदळ खाणाऱ्यांची याबद्दल तक्रार असते, आणि ती रास्त आहे, कारण कोवळ्या मांसाच्या पाण्याला अंग येत नाही आणि मग ती उणीव दूध व चीज वाढवून भरून काढावी लागते.

खरा मान मिरचीच्या गाळ्यांना आहे. येथे मिळणाऱ्या मिरच्यांत लाल-काळपट वाळवलेली ‘पांका’ असते, काळ्या बियांची, ढबू मिरचीच्या आकाराची पण जिभेला चटका देणारी ‘रोकोतो’ असते, लिंबासारख्या वासाची छोटी ‘लिमो’ असते, आणि या सगळ्यांच्या मध्ये बोटाएवढ्या जाड, वीतभर लांब, केशरी रंगाच्या मिरच्यांचा ढीग असतो. हीच ‘आही आमारियो’. ‘आमारियो’ म्हणजे पिवळी. पिकल्यावर ती स्पष्ट केशरी दिसते, पण शिजून दुधात उतरली की पिवळी होते, तेव्हा नाव ठेवणाऱ्याने ढिगाऐवजी पातेल्यात पाहिले असावे. ती उन्हात वाळवली की तिचे नाव बदलून ‘मिरासोल’, म्हणजे सूर्याकडे पाहणारी, असे होते आणि चवीत मनुकांसारखा गडदपणा येतो. याच गाळ्यांवर वाटलेल्या मिरचीचा केशरी गोळा पिशवीतून वजनावर मिळतो. महाराष्ट्रात आले-लसणाचे वाटण जसे तयार मिळू लागले, तसाच हा प्रकार.

पूर्वी हे वाटण ‘बातान’वर होत असे आणि डोंगराळ भागातील घरांत अजूनही होते. बातान म्हणजे जमिनीवर ठेवलेला सपाट, रुंद दगड आणि त्यावर दोन्ही हातांनी धरायचा अर्धचंद्राच्या आकाराचा दुसरा दगड. पाटा-वरवंट्याशी त्याचे साम्य उघड असले तरी हालचाल निराळी आहे. वरवंटा पुढे-मागे ओढला जातो, तर बातानचा वरचा दगड पाळण्यासारखा डोलवला जातो आणि त्याच्या वजनानेच मिरची चिरडली जाते. शहरात आता मिक्सर आहे. फरक पडतो तो पोतात: मिक्सरमध्ये रस्सा रेशमासारखा गुळगुळीत होतो, बातानवर थोडा भरड राहतो.

उपवासाला चालणारी आणि न चालणारी

मिरचीला स्पॅनिश लोकांनी ‘आही’ म्हटले ते पेरूत शिकून नव्हे. कॅरिबियन समुद्रातील बेटांवर राहणाऱ्या ताइनो लोकांचा तो शब्द कोलंबसाच्या 1493 च्या नोंदींत येतो आणि स्पॅनिश जहाजांबरोबर दक्षिणेकडे जातो. पेरूच्या केचुआ भाषेत मिरचीला ‘उचू’ म्हणत. त्याच ताइनो लोकांचा रताळ्यासाठी असलेला ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीजांच्या तोंडून कोकण-गोव्याच्या किनाऱ्याला लागला आणि मराठीत वेगळ्याच कंदाला चिकटला. एका बेटावरचे दोन शब्द, एक लिमाच्या पातेल्यात आणि दुसरा रत्नागिरीच्या भाजीत, अशी ही वाटणी आहे. खुद्द पेरूत मात्र बटाट्याला ‘पापा’ असे केचुआ नावच राहिले. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतल्यानंतर मिरची, बटाटा, काजू, अननस आणि ‘पाव’ हा शब्द यांची ये-जा याच वाटेने झाली, हे बहुतेकांना ठाऊक असते. कमी लक्षात येणारी गोष्ट अशी, की इंकांच्या धार्मिक उपवासात मीठ आणि मिरची वर्ज्य असे, असे त्या काळच्या स्पॅनिश बखरकारांनी पुन्हा पुन्हा नोंदवले आहे, तर महाराष्ट्राच्या एकादशीला हिरवी मिरची, बटाटा, शेंगदाणे, रताळे आणि साबुदाणा ही सगळी अमेरिकेतून आलेली मंडळी बिनदिक्कत चालतात.

तरीही महाराष्ट्रातील मिरची आणि लिमाची मिरची एक नव्हेत, आणि घरी प्रयोग करणाऱ्याची खरी अडचण येथे सुरू होते. मिरचीच्या माणसाने लागवडीखाली आणलेल्या पाच जाती आहेत. भारतात पिकणाऱ्या बहुतेक मिरच्या, म्हणजे लवंगी, ब्याडगी, ज्वाला, संकेश्वरी आणि ढबूसुद्धा, ‘कॅप्सिकम ॲन्युअम’ या मूळच्या मेक्सिकोकडील जातीच्या आहेत. ईशान्येकडील भूत जोलोकिया आणखी वेगळ्या कुळाकडे जाते. ‘आही आमारियो’ ही ‘कॅप्सिकम बॅकॅटम’ या जातीची आहे. ही जात दक्षिण अमेरिकेतच वाढली, रुजली आणि बहुतांशी तेथेच राहिली. तिच्या पांढऱ्या फुलाच्या पाकळ्यांवर तळाशी पिवळट-हिरवे ठिपके असतात, त्यावरून बागेतही ती ओळखता येते. तिखटपणा मोजण्याच्या स्कोव्हिल या मापावर ती साधारण 30 हजार ते 50 हजार भरते, म्हणजे ती मुळीच सौम्य नाही. परंतु तिची ओळख तिखटात नसून वासात आहे: पिकलेल्या फळाचा, थोडा जर्दाळूसारखा, थोडा ओल्या गवतासारखा वास आणि तिखटामागून येणारी गोडी. हा वास हिरव्या मिरचीत नाही, ब्याडगीत नाही, आणि हळदीने तर तो येण्याची सुतराम शक्यता नाही.

ओट्यावर

घरी करायला बसल्यावर पहिला निर्णय मिरचीचा घ्यावा, कोंबडीचा नव्हे. आयात केलेल्या ‘आही आमारियो’च्या वाटणाची बाटली मोठ्या शहरांतील परदेशी किराण्याच्या दुकानांत किंवा घरपोच मागवून मिळू शकते, महाग पडते, पण एका बाटलीत दोन-तीनदा पदार्थ होतो. ज्यांच्याकडे गच्ची आणि धीर आहे त्यांनी बी लावावे. रोपाला फळ धरून ते केशरी व्हायला कित्येक महिने लागतात, पण कुंडीतही झाड चांगले फोफावते. यांपैकी काहीच शक्य नसेल, तर पिवळ्या ढबू मिरच्या विस्तवावर काळ्या होईपर्यंत भाजून, साल काढून, त्यांत दोन-तीन पिकलेल्या लाल ताज्या मिरच्या वाटून घालाव्यात. चव जवळपास येते, पण ती जवळपासच राहते, हे आधीच कबूल करून टाकलेले बरे. रंगासाठी हळद घालायची असेल तर ती तेलात चिमूटभरच. पेरूतही ‘पालियो’ या नावाने हळदीची पूड काही घरांत घातली जाते, परंतु मराठी हाताला हळदीची जी मोजदाद सवयीची आहे ती येथे पडली, तर लिमाची कोंबडी थेट कोल्हापूरच्या दिशेने निघते आणि वाटेत कोठेच थांबत नाही.

अस्सल मिरची ताजी मिळाल्यास तिचे बी आणि आतील पांढरी शीर काढून टाकावी. तिखटपणा बियांत असतो असा समज आहे, पण तो निर्माण होतो त्या पांढऱ्या शिरेत. बिया केवळ तिच्या संगतीने तिखट लागतात. पेरूच्या स्वयंपाकघरात मिरच्या दोन-तीनदा पाणी बदलून उकळतात, मग साल काढून थोड्या तेलाबरोबर वाटतात. उकळल्याने कच्चा उग्रपणा जातो, आणि उरलेला तिखटपणा तेलात विरघळून सगळ्या रश्शात सारखा पसरतो. पुढे दुधातील प्रथिने त्याला आणखी आवरतात, म्हणूनच इतकी मिरची घालूनही हा पदार्थ लहान मुले खातात.

आता कोंबडी. एक किलोची गावठी, जून कोंबडी मिळाली तर ती कांद्याचा अर्धा तुकडा, दोन लसूण पाकळ्या, एक गाजर आणि मीठ घालून उघड्या पातेल्यात मंद शिजवावी. वेळ नसेल तर कुकरच्या पाच-सहा शिट्ट्या घ्याव्यात. ब्रॉयलरची हाडासकट छाती असेल तर 20 ते 25 मिनिटे पुरतात आणि त्यापुढे ती कापसासारखी कोरडी होते. शिजलेली कोंबडी त्याच पाण्यात निवू द्यावी, ताटात काढून वाऱ्यावर ठेवू नये; गरम मांस उघड्यावर आपले पाणी सोडते. मग हाताने तिचे धागे काढावेत. स्पॅनिशमध्ये या कृतीला वापरला जाणारा शब्द कापडाचे सूत उसवण्यासाठीचाच आहे, आणि मराठीत कापसासाठी असलेला ‘पिंजणे’ हा शब्द त्याला बरोबर बसतो. धागे करंगळीएवढे लांब आणि काडीएवढे जाड राहावेत. फार बारीक पिंजले तर रश्शात त्यांचा लगदा होतो आणि मग पदार्थाची जुनी गोड आई पुन्हा डोके वर काढते.

दुधाच्या बाबतीत एक ठरलेली चूक टाळायला हवी. पेरूत या पदार्थासाठी डब्यातले आटवलेले, बिनसाखरेचे दूध वापरतात; आरेकिपा शहरात 1940 च्या दशकात त्याचा मोठा कारखाना उभा राहिला आणि पुढे ते देशभरच्या स्वयंपाकघरांत रुळले. महाराष्ट्रातील किराणा दुकानात डब्यातले दूध मागितले तर बहुतेक वेळा साखर घालून घट्ट केलेले दूध हातात पडते, आणि त्याने सगळ्या श्रमांवर पाणी, किंबहुना पाक, पडतो. त्यापेक्षा एक लिटर साय असलेले दूध घरीच आटवून अर्ध्याहून कमी, साडेचारशे मिलिलिटरच्या आसपास आणावे. बासुंदी करणाऱ्या हातांना यात शिकण्यासारखे काही नाही, फक्त साखरेच्या डब्याकडे हात जाऊ देऊ नये. या दुधात चार शिळ्या लादीपावांचा वरचा तपकिरी भाग काढून उरलेला मऊ भाग भिजवावा आणि मऊ झाल्यावर मिक्सरमध्ये फिरवून घ्यावा. लादीपाव यासाठी उत्तम आहे. लिमात रोजच्या पावातला जो उरतो तोच वापरला जातो, आणि शिळे संपवण्याचा हा हिशेबही दोन्हीकडे सारखाच आहे.

मग ‘आदेरेसो’. तेलात बारीक चिरलेला कांदा, लसूण आणि मिरचीचे वाटण मंद आचेवर परतून केलेला हा पाया पेरूच्या बहुसंख्य पदार्थांत असतो, आणि तो झाला की नाही हे ओळखण्याची खूण मराठी स्वयंपाकघरात वेगळी शिकवावी लागत नाही: कडेने तेल सुटले पाहिजे. दोन मध्यम कांदे आणि वाटीभर मिरचीचे वाटण यांना 15 ते 20 मिनिटे सहज लागतात. कांदा कच्चा वाटून घालू नये, तो कडू होतो. चिरून, पारदर्शक होईपर्यंत परतून, मग वाटण घालावे. चिमूटभर जिरेपूड पेरूतही पडते, तेव्हा तिला मनाई नाही, पण धने, गरम मसाला आणि कढीपत्ता यांना येथे काम नाही.

तेल सुटल्यावर आच कमी करून दुधात फिरवलेला पाव घालावा आणि लाकडी चमच्याने सतत ढवळत राहावे, कारण हे मिश्रण बुडाला लागण्यात पिठल्याच्याही पुढे आहे. घरी आटवलेले दूध मोठ्या आचेवर मिरचीच्या आंबटपणाने फुटू शकते. पाव त्याला सांभाळून घेतो, म्हणून दूध आणि पाव वेगवेगळे न घालता एकत्रच घालावेत. पाच-सात मिनिटांत ते घट्ट होऊ लागले की कोंबडीचे गाळलेले पाणी पळीपळीने घालत पळीवाढे करावे. पळीवाढे पिठले ज्याला कळते त्याला या रश्शाचे प्रमाण सांगावे लागत नाही: चमच्यावरून ओघळले पाहिजे, पण धावले नाही पाहिजे. आता पिंजलेली कोंबडी, 50 ग्रॅम किंचित भाजून साल चोळून काढलेल्या अक्रोडांची पूड आणि तितकेच किसलेले खारट चीज घालून दोन मिनिटांत उतरवावे. अक्रोडाचे साल राहिले तर तुरटपणा येतो. मीठ सर्वांत शेवटी चाखून घालावे, कारण चीज आपले मीठ घेऊनच येते. पनीर येथे चालत नाही. ते विरघळत नाही आणि रश्शात कोंबडीचेच आणखी तुकडे असल्याचे सोंग करते.

ताटलीतील बाकीची मंडळी

लिमातील बटाटा ‘पापा आमारिया’ या नावाचा, आतून अंड्याच्या बलकासारखा पिवळा आणि इतका पिठूळ असतो की उकडताना लक्ष चुकले तर पाण्यातच विरतो. लिमातच 1971 मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्रात बटाट्याचे चार हजारांहून अधिक देशी प्रकार जपलेले आहेत, तेव्हा ज्या देशात निवडीला इतका वाव आहे तेथील माणूस ‘कोणताही बटाटा चालेल’ असे सहसा म्हणणार नाही. महाराष्ट्रात करताना नवा, चिकट, पातळ सालीचा बटाटा टाळून बटाटेवड्याला जो कोरडा, जुना बटाटा लागतो तो घ्यावा, आणि तो सालीसकट उकडावा.

ऑलिव्हचा पेरूतील इतिहास खटल्याच्या कागदासारखा आहे. गार्सिलासो सांगतो, की 1560 मध्ये आंतोनिओ दे रिबेरा याने सेव्हिलहून शंभरावर रोपे आणली, प्रवासात जगली ती अवघी तीन, आणि ती ज्या कुंपणात लावली त्याच्या पहाऱ्याला त्याने शंभराहून अधिक गुलाम आणि 30 कुत्रे ठेवले. तरीही एक रोप रात्रीतून चोरीला गेले आणि चिलीत जाऊन रुजले. लिमाच्या सान इसिद्रो भागात ऑलिव्हच्या जुन्या झाडांची एक बाग आजही शहराच्या मधोमध उभी आहे. ताटलीतले ‘बोतीहा’ हे ऑलिव्ह झाडावर पूर्ण पिकलेले आणि मिठाच्या पाण्यात मुरलेले, आंबट-खारट असते. भारतात डब्यांतून येणारी एकसारखी काळी, छिद्र पाडलेली ऑलिव्ह बहुधा कच्ची तोडून प्रक्रियेने काळी केलेली असतात आणि त्यांना रंगाखेरीज फारसे काही सांगायचे नसते. जांभळी, बियांसकट, मिठात मुरलेली मिळाली तर घ्यावीत, नाहीतर ताटली ऑलिव्हशिवाय वाढावी. शोभेसाठी बेचव गोष्ट ठेवण्यापेक्षा तिची जागा रिकामी राहिलेली चांगली.

बटाटा आणि भात एकाच ताटलीत कसे, असा प्रश्न युरोपीय पाहुण्यांना पडतो. वरण-भातावर बटाट्याची भाजी घेणाऱ्या घरांत तो पडण्याचे कारण नाही. भात साधा, मोकळा असावा. लिमातील घरांत तो लसणावर परतून शिजवतात, आणि एवढी एक फोडणी मराठी घरानेही तेथून उचलायला हरकत नाही.

चार जणांच्या जेवणात हा रस्सा थोडा उरतोच, आणि रात्रभर फ्रीजमध्ये राहिला की पावामुळे इतका घट्ट होतो की चमचा उभा राहावा. तो पुन्हा पातळ करायचा असेल तर कोंबडीचे राखून ठेवलेले पाणी वापरावे, दूध नव्हे. पण पातळ करण्याची घाई करू नये: लिमाच्या खाणावळींत याच घट्ट रश्शाचे सारण एम्पानादा नावाच्या करंजीत आणि पावात भरून विकले जाते, आणि उरलेल्या लादीपावाची सोय त्यातच होते.